बोलका फोन आणि कामाची खात्री

कोल्हापुरात फोनशी मराठीत बोलायला सुरुवात केलेला माणूस थोड्याच वेळात हिंदीवर येतो, हिंदीतूनही काम झाले नाही तर दोन-चार इंग्रजी शब्द टाकून पाहतो आणि अखेर मुकाट्याने बोटांनी टाइप करू लागतो. महाद्वार रोडवरच्या दुकानापासून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत हे कुठेही पाहायला मिळते, आणि त्यातली गंमत केव्हाच संपली आहे. ॲपलने बोलून काम सांगता येईल अशी सहायक ‘सिरी’ ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोन ४एसबरोबर आणली. ॲमेझॉनची ‘अलेक्सा’ २०१४ मध्ये आली, ‘गुगल असिस्टंट’ २०१६ मध्ये आणि सॅमसंगची ‘बिक्सबी’ २०१७ मध्ये. मराठीतून बोलून शोध घेण्याची सोय गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये दिली आणि पुढच्या वर्षी आपला सहायकही मराठीत आणला. एवढा काळ लोटूनही बहुतेकांच्या फोनमधला हा सहायक गजर लावणे, गाणे लावणे, हवामान सांगणे आणि क्वचित कुणाला तरी फोन जोडणे यापलीकडे गेलेला नाही. आणि फोन जोडतानाही तो भलत्याच माणसाला जोडेल ही धास्ती असतेच.

आता कंपन्यांचे म्हणणे असे आहे की तो जुना जमाना होता, नवी कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर या तक्रारी उरणार नाहीत. गुगलने जून २०२४ मध्ये ‘जेमिनी’ या आपल्या नव्या सहायकाचे मोबाइल ॲप भारतात आणले तेव्हा त्यात नऊ भारतीय भाषा होत्या आणि त्यांत मराठी होती. त्याच महिन्यात ॲपलने ‘ॲपल इंटेलिजन्स’ या आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेची घोषणा करून, फोनमधली माणसाची स्वतःची माहिती ध्यानात घेऊन काम करणारी नवी सिरी देण्याचे आश्वासन दिले, मार्च २०२५ मध्ये मात्र ते लांबणीवर टाकल्याचे तिला जाहीर करावे लागले. या घडामोडींकडे पाहताना मला असे वाटते की आपल्या वैतागाचे निदानच चुकीचे केले जात आहे. सहायकाला अक्कल कमी आहे ही लोकांची मुख्य तक्रार कधीच नव्हती. सांगितलेले काम तो करील की नाही याची खात्री नाही, आणि केले नाही तर का केले नाही हे कळत नाही, ही तक्रार आहे. नव्या तंत्राने त्याची हुशारी वाढेल यात शंका नाही. खात्री मात्र वाढेलच असे नाही, काही बाबतींत ती कमी होण्याचाच संभव अधिक दिसतो.

जुना सहायक कसा चालतो हे पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. ठरलेली हाक ऐकू आली की फोन जागा होतो. मग आपले बोलणे ध्वनीच्या रूपात बहुधा दूरच्या सर्व्हरकडे जाते, तिथे त्याचे अक्षरांत रूपांतर होते, त्या अक्षरांवरून माणसाला काय हवे आहे याचा ठरावीक प्रकारांपैकी एक प्रकार निवडला जातो, त्यातली नावे, वेळा आणि आकडे वेगळे काढले जातात आणि शेवटी एखाद्या ॲपला हुकूम सोडला जातो. या प्रत्येक पायरीवर थोडीथोडी चूक होऊ शकते आणि चुका पुढे साठत जातात. वापरणाऱ्याला मात्र एवढेच कळते की काम झाले नाही. त्याने ‘पापाची तिकटी’ म्हटले आणि यंत्राने ‘तिकीट’ ऐकले, की ऐकले बरोबर पण जागा सापडली नाही, की जागा सापडली पण रंकाळ्याच्या कडेला रेंज गेली, यांतले काहीच त्याला समजत नाही. शिवाय पडद्यावर बटणे असतात तेव्हा काय करता येते ते दिसते. बोलक्या फोनला पाटीच नाही. तो काय करू शकतो हे कुठे लिहिलेले नसते, आणि प्रत्येकाने ते अंधारात चाचपून शोधायचे असते. अशा चाचपण्यात माणूस एक-दोन गोष्टी शिकतो आणि तिथेच थांबतो. गजर आणि गाणी यांच्यावर गाडी का अडकली, याचे कारण मला यात दिसते.

नव्या पद्धतीत ठरावीक प्रकारांची चौकट सैल झाली आहे. प्रचंड मजकुरावर शिकवलेले भाषेचे प्रारूप वाक्याचा अर्थ लावते, अडखळत, अर्धवट, उलटसुलट बोलले तरी सांभाळून घेते, आधीचे बोलणे लक्षात ठेवून पुढचे उत्तर देते. ही लहान गोष्ट नाही. जुन्या सहायकाशी बोलताना जी आज्ञार्थी, यांत्रिक भाषा वापरावी लागे तिच्यापासून ती सुटका आहे. परंतु हे प्रारूप प्रत्येक वेळी पुढचा संभाव्य शब्द निवडत उत्तर घडवते, आणि त्यामुळे ठाऊक असलेली गोष्ट व ठाऊक नसलेली गोष्ट ते सारख्याच ठाम सुरात सांगते. जुना सहायक निदान ‘मला समजले नाही’ असे म्हणून गप्प बसे. नवा समजले नाही तरी बोलतो, आणि छान बोलतो. जेमिनी सुरुवातीला आला तेव्हा जुना असिस्टंट बिनबोभाट करत असलेली काही साधी कामे त्याला जमत नव्हती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या जिल्ह्याला आपोआप चालणाऱ्या यंत्रणेचे वावडे नाही. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी ठरलेल्या मर्यादेला पोहोचली की आपोआप उघडतात आणि उतरली की मिटतात; एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक विसर्ग होणार हे नदीकाठच्या माणसाला पाठ असते आणि त्यावरून तो जनावरे कधी हलवायची ते ठरवतो. त्या दरवाजांना बुद्धी नाही, पण ते कधी काय करतील हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून लोक त्यांच्या भरवशावर झोपू शकतात. फोनमधल्या बुद्धिमान सहायकाबद्दल आज असे काहीही म्हणता येत नाही. तोच प्रश्न सकाळी विचारला तर एक उत्तर, संध्याकाळी विचारला तर वेगळे, आणि मधल्या काळात कंपनीने दूरवरून काही बदल केला असेल तर तिसरेच.

कोल्हापूरच्या बाबतीत या अनिश्चिततेत आणखी एक भर पडते, ती बोलीची. आपल्याकडे माणूस ‘जेवत आहे’ असे म्हणत नाही, ‘जेवालोय’ म्हणतो. ‘करत आहे’चे ‘करालोय’ होते, ‘कुठे’चे ‘कुठं’ आणि ‘नाही’चे ‘न्हाई’. बायका बोलताना ‘मी येतो’, ‘मी गेलो’ असे सहज म्हणतात, त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. यंत्राला मराठी शिकवली जाते ती मुख्यतः छापील आणि आंतरजालावरच्या मजकुरातून. ध्वनीचे नमुनेही बरेचसे कुणीतरी समोरचे प्रमाण मराठी वाक्य वाचून दाखवलेले असतात. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या खुल्या प्रकल्पात मराठी आहे, पण तिथेही मुख्यतः स्वयंसेवक पडद्यावर आलेले वाक्य वाचतो. वाचणारा माणूस आणि भाजी मंडईत बोलणारा माणूस एकच असला तरी त्याची मराठी एक नसते. परिणाम असा की शिवाजी पेठेतली आजी जे बोलते ते यंत्र एक तर हिंदी समजून ऐकते, कारण हिंदीचे नमुने भरपूर. किंवा मराठी म्हणून ऐकले तर पुस्तकी करून टाकते. एखाद्या बाईने बोलून अर्ज लिहून घेतला आणि यंत्राने तिच्या ‘मी गेलो होतो’वरून तिला पुरुष ठरवले, तर ती चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण अर्जाखाली नाव तिचे आणि मजकूर कुण्या पुरुषाचा असे होते.

आकड्यांचे तर विचारूच नका. मराठी संख्या ऐकून ओळखणे अवघड आहे, कारण शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा शब्द आहे आणि एकोणसाठ व एकोणसत्तर यांच्यात घाईच्या बोलण्यात फारसे अंतर राहत नाही. त्यावर सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीच हजार, साडेपाच हे आपले रोजचे हिशेब. लक्ष्मीपुरीतल्या घाऊक दुकानात कानाला सवय असलेला माणूसही पुन्हा विचारून घेतो. यंत्र पुन्हा विचारत नाही, हीच अडचण आहे.

काही सुशिक्षित मंडळी यावर म्हणतात की फोनशी बोलताना प्रमाण मराठीत बोलावे, त्यात काय बिघडले? वरवर पाहता हा सल्ला व्यवहारी आहे, आणि आपल्यापैकी अनेक जण तसे करतोही. परंतु मग बोलक्या फोनची सोय नेमकी कुणासाठी, हा प्रश्न उरतो. ज्याला प्रमाण मराठी अस्खलित बोलता येते त्याला बहुधा ती लिहिता-वाचताही येते, आणि त्याचे टाइप करून अडत नाही. आवाजाची खरी गरज आहे ती उद्यमनगरात लेथवर उभ्या असलेल्या आणि दोन्ही हात तेलाने माखलेल्या कारागिराला, दृष्टिहीनाला, अक्षरे पुसट दिसू लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला, शाळेत न गेलेल्या बाईला. तिला तिच्या बोलण्यातून काम करता आले नाही तर ती सोय तिच्या नावाने दिलेली आणि दुसऱ्याने वापरलेली ठरते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. एवढ्या मोठ्या भाषेला बोली असणारच, आणि ज्या कंपन्या इंग्रजीचे अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असे वेगवेगळे उच्चार ओळखणारे सहायक विकतात त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी.

यातच पैशाचा प्रश्न गुंतलेला आहे. बोलणे दूरच्या सर्व्हरकडे न पाठवता फोनमध्येच त्याचा अर्थ लावणे हा चांगला मार्ग आहे. त्याने रेंज नसली तरी काम होते आणि खासगी बोलणे घराबाहेर जात नाही. गुगलने ‘जेमिनी नॅनो’ हे लहान प्रारूप डिसेंबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ प्रो या फोनमध्ये बसवले. ॲपल इंटेलिजन्ससाठी आयफोन १५ प्रो किंवा त्यानंतरचा फोन लागतो. म्हणजे जे तंत्र राधानगरी-शाहूवाडीच्या डोंगराळ भागात, जिथे रेंज येते-जाते, तिथे सर्वाधिक उपयोगी पडेल, ते तूर्त तिथल्या माणसाला न परवडणाऱ्या फोनमध्ये आहे, आणि त्याच्या हातातल्या स्वस्त फोनला प्रत्येक वाक्यासाठी दूरच्या सर्व्हरची वाट पाहावी लागते. काही वर्षांत हे अंतर कमी होईल, फोनच्या बाबतीत नेहमी होते तसे. पण तोवर बँका आणि सरकारी खाती थांबणार नाहीत, आणि हा केवळ ग्राहकाच्या आवडीनिवडीचा प्रश्न राहिलेला नाही तो त्यामुळेच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवरून देण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला, आणि त्यात लिहून तसेच बोलून सेवा घेण्याची कल्पना आहे. कृषी विभागाने त्याच वर्षी शेतकऱ्यांना मराठीतून सल्ला देणारे ‘महाविस्तार’ ॲप आणले. यूपीआय चालवणाऱ्या भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) सप्टेंबर २०२३ मध्ये बोलून पैसे पाठवण्याची ‘हॅलो यूपीआय’ ही सोय जाहीर केली, सुरुवात हिंदी आणि इंग्रजीत. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा भाषांतराचा आणि वाणी ओळखण्याचा प्रकल्प जुलै २०२२ पासून सुरू आहे. या सर्वांमागचा हेतू चांगला आहे आणि त्यांना सरसकट विरोध करणे मला पटत नाही. तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा फोनला विचारणे कुणालाही आवडेल. पण करमणुकीच्या कामात चूक झाली तर चुकीचे गाणे लागते, आणि या कामांत चूक झाली तर पैसे भलत्याच्या खात्यात जातात, दाखल्याचा अर्ज बाद होतो, पंधरा लिटरच्या पंपाला दीडऐवजी अडीच मापे औषध पडते. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराने चुकीचे माप सांगितले तर त्याला गावात जाब विचारता येतो. फोनने सांगितले तर कुणाकडे जायचे? कंपनीच्या अटींमध्ये बहुधा एक ओळ असते की उत्तरे चुकीची असू शकतात, पडताळून घ्यावीत. ज्या माणसाला पडताळून घेता आले असते त्याने फोनला विचारलेच नसते.

म्हणून सार्वजनिक सेवेत बोलके यंत्र आणताना काही बंधने करारातच घातली गेली पाहिजेत, असे माझे मत आहे. पैसा, औषध, जमीन आणि दाखले या कामांत यंत्राने ऐकलेला आकडा आणि नाव अंकांत व अक्षरांत पडद्यावर दाखवून, पुन्हा बोलून, माणसाने होकार दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. नकार देणे होकार देण्याइतकेच सोपे असावे. उत्तर कोणत्या परिपत्रकावरून किंवा कोणत्या तारखेच्या माहितीवरून दिले ते सोबत सांगावे, आणि तशी माहिती नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणून जिवंत माणसाकडे जोडून द्यावे. तो माणूस दुसऱ्या टोकाला खरोखर असावा, ही अट तर सर्वांत आधी. टोल-फ्री क्रमांकावर आवाजी सूचनांच्या चक्रात गोल गोल फिरण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या अटीचे मोल वेगळे सांगायला नको. माझ्या माहितीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी अशा एका सेवेचा नादच सोडला आणि ते रिक्षाने थेट कार्यालयात जातात, ते लवकर पडते म्हणून. याशिवाय खिडकीवरची सेवा बंद करून सर्वांना फोनकडे ढकलण्याचा मोह प्रत्येक खात्याला होईल. तो आवरण्याची जबाबदारी लोकप्रतिनिधींची आहे, आणि त्यांनी आतापर्यंत या विषयात फारसे लक्ष घातलेले दिसत नाही.

खासगीपणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ॲपल, गुगल आणि ॲमेझॉन या तिन्ही कंपन्यांच्या सहायकांचे काही ध्वनिमुद्रण माणसे बसून ऐकत होती हे २०१९ मध्ये उघड झाले. ॲपलने त्याबद्दल माफी मागितली आणि सिरीबद्दलच्या अमेरिकेतल्या एका दाव्यात, दोष मान्य न करता, ९ कोटी ५० लाख डॉलर देण्याची तडजोड जानेवारी २०२५ मध्ये पुढे आली. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची तरतूद आहे, म्हणजे मराठीत ती मागता येते. कायद्याने दिलेली ही गोष्ट किती जण मागतात हा भाग निराळा, पण बोलून चालणाऱ्या सेवेत ती सूचना बोलूनच सांगितली गेली पाहिजे, नाहीतर न वाचता येणाऱ्याची संमती घेतली म्हणण्यात काही अर्थ नाही.

तंत्रज्ञान आपोआप सुधारते, थोडा धीर धरा, असे सांगणारेही भेटतात. ऐकण्याच्या बाबतीत ते खरे ठरत आहे; पाच वर्षांपूर्वीच्या मानाने आज मराठी टाइपिंग आवाजाने बऱ्यापैकी होते, आणि मी स्वतः लांब मजकुराचा कच्चा खर्डा अधूनमधून तसा करतो. परंतु बोलीचे नमुने आपोआप गोळा होत नाहीत, कुणीतरी ते गोळा करावे लागतात. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ या संशोधन गटाने भारतीय भाषांसाठी खुली साधने आणि विदासंच तयार करून ते होऊ शकते हे दाखवले आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून या भागात आहे, त्याची महाविद्यालये कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्यात पसरलेली आहेत, आणि कागलपासून चंदगडपर्यंत बोली कशी बदलत जाते हे ऐकायला जाणारे विद्यार्थी त्याच्याकडे आहेत. बोलणाऱ्याची लेखी परवानगी घेऊन, त्याचे नाव न नोंदवता, बाजारातल्या, शेतातल्या, घरातल्या बोलण्याचे काही शे तास मुद्रित करून ते खुले ठेवले, तर कोणत्याही कंपनीला ‘आमच्याकडे नमुने नाहीत’ हे कारण देता येणार नाही. त्यात सीमाभागातली कानडी वळणाची मराठी आली तर फारच चांगले.

जिल्हा प्रशासनानेही एक काम करण्यासारखे आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी धोका पातळीच्या दहा फुटांहून अधिक वर गेले होते आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. अशा दिवसांत पातळी किती, कोणते बंधारे पाण्याखाली, कोणता रस्ता बंद, ही माहिती लोकांपर्यंत मुख्यतः व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांतून पोहोचते, आणि त्यांतला सकाळचा संदेश रात्रीही फिरत असतो. उद्या लोक हाच प्रश्न फोनमधल्या सहायकाला विचारणार, आणि त्याच्याकडे ताजा आकडा नसेल तर तो जुना आकडा नव्या आत्मविश्वासाने सांगणार. हे आकडे वेळेसह, यंत्राला वाचता येतील अशा ठरलेल्या स्वरूपात एका ठिकाणी खुले ठेवले, तर ‘पाणी किती फुटांवर आहे’ या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यायचे कारण कोणत्याही कंपनीच्या यंत्राला उरणार नाही. आणि हे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी जिल्ह्याच्या पातळीवर होऊ शकते, त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या कुणाची परवानगी लागत नाही.